घड्याळाचं गाणं

हे लिहायचं नाही, असंच त्यानं ठरवलं होतं. चार वेळा मोबाइलवर टाइप करायला घेतलं आणि चारही वेळा पुसून टाकलं. कारण काही मोठं नाही. या गोष्टीत तो सुरुवातीला फार बरा दिसत नाही, एवढंच. पण मग त्याचं त्यालाच वाटलं, आपण वाईट दिसतो म्हणून गोष्ट दाबून ठेवायची, ही तर पुन्हा तीच लबाडी झाली. तेव्हा एकदाचं होऊन जाऊ दे.

तर तो म्हणजे रंग्या. स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात शाई कालवतो म्हणून रंग्या. दुकान म्हणजे एकामागे एक अशा दोन खोल्या. पुढच्या खोलीत छपाईची टेबलं, दोरीवर वाळत घातलेले कागद आणि एक खिडकी. मागच्या खोलीत अंधार. तिथे स्क्रीन तयार होतात आणि तेही रंग्याचंच काम. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीला हिरवं इमल्शन फासायचं, अंधारात वाळवायचं, मग काचेच्या टेबलावर काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म ठेवून तिच्यावर ती चौकट ठेवायची आणि खालून उजेड सोडायचा. उजेड लागला की इमल्शन कडक होतं. अक्षरांच्या सावलीत असतं तेवढं मऊ राहतं आणि पाण्यानं धुऊन जातं. मग त्या वाटेनं शाई उतरते. सगळी मेख उजेड किती वेळ द्यायचा यात. कमी दिला तर सगळंच धुऊन जातं, जास्त दिला तर काहीच जात नाही.

पाच मिनिटं वीस सेकंद. ना कमी ना जास्त.

आणि ही पाच मिनिटं वीस सेकंद दुकानाचे मालक, म्हणजे उस्ताद, बावीस वर्षं एका गाण्यावर मोजत आलेत. एका कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच गाणं पुन्हापुन्हा भरलेलं. गाणं सुरू, दिवा सुरू. गाणं संपलं, दिवा बंद. कोणी म्हणालं की उस्ताद, भिंतीवर घड्याळ आहे की, तर उस्ताद म्हणायचे, "घड्याळाकडे मान वळवून बघावं लागतं. गाणं आपण होऊन सांगतं, आता किती राहिलं ते."

नव्वदच्या दशकातलं गाणं होतं ते. पण दुकानात त्याला कोणी गाणं म्हणतच नव्हतं. घड्याळ लाव, घड्याळ संपलं का, घड्याळ उलटं कर. असं.

खरी भांडणं व्हायची ती बाकीच्या गाण्यांवरून. त्या दशकातलं सगळ्यात भारी गाणं कोणतं, यावरून त्या दुकानात जेवढी तोंडं वाजली तेवढी शाईही वापरली गेली नसेल. उस्तादांचं मत वेगळं. संगणकावर डिझाइन करणारी ताई होती, तिचं त्याहून वेगळं. छापलेला कागद न् कागद तपासणारी मावशी. ती नात्यानं कोणाचीच मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. तिचं मत रोज बदलायचं पण आवाज तोच राहायचा. आणि छपाईच्या टेबलावर गप्प्या, रंग्याचा जिवाचा दोस्त, जो दिवसाला पाचसहा वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन "हो" आणि "बरं" असायची.

एका सोमवारी कॅफेवाला आला. त्याचा नवा कॅफे शनिवारी उघडणार होता आणि त्याला समोरच्या भिंतीवर मोठी लाकडी फळी हवी होती. त्या दशकातली दहा सर्वश्रेष्ठ गाणी, छापून.

"यादी?" ताईनं विचारलं.

"यादी तुम्हीच करा. मी येतो तेव्हा तुमचं तेच चाललेलं असतं. फक्त एक अट. खाली तुम्हा पाचांच्या सह्या छापायच्या. उद्या गिऱ्हाईक भांडायला लागलं तर मी तुमच्याकडे पाठवणार."

"पाठव," मावशी म्हणाली. "मी बसलेलीच आहे."

उस्तादांनी नियम घातला. ज्या गाण्याला पाचांपैकी तीन हात, ते यादीत. मग दोन दिवस नुसती झुंज. टाळ्यांचं गाणं पाच हातांनी आत गेलं. निरोपाचं गाणं मावशीनं डोळ्याला पदर लावून आत घातलं, ताई म्हणाली हे रडून मत मागणं आहे, मावशी म्हणाली गाणंच रडायचं आहे तर मी काय नाचू. उस्तादांचं लाडकं लिफ्टमधलं गाणं दोनदा पडलं आणि तिसऱ्यांदा पास झालं, कारण उस्तादांनी दुपारचा चहा थांबवून ठेवला होता.

बुधवारी दुपारपर्यंत नऊ गाणी झाली. एक जागा उरली.

रंग्याला त्या जागेवर पायऱ्यांचं गाणं हवं होतं. त्याचं कारण त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. शाळा लवकर सुटली त्याची. नीट लिहायला तो शिकला ते हे गाणं रेडिओवरून उतरवून घेताना. रात्री लागलं की एक ओळ पकडायची, पुढची निसटायची. मग पुन्हा कधी लागेल त्याची वाट बघायची. सात ओळींचं कडवं पूर्ण व्हायला महिना लागला होता. ते गाणं भिंतीवर आणि खाली आपली सही, हे चित्र सोमवारपासून त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

तेवढ्यात गप्प्या बोलला. "माझं एक नाव आहे."

सगळ्यांनी माना वळवल्या. गप्प्यानं आपण होऊन बोलणं म्हणजे नळाला अवेळी पाणी येणं.

"घड्याळाचं गाणं."

क्षणभर कोणाला कळेना. मग ताई हसली. उस्तादही हसले. "अरे, ते गाणं नाही बाबा. ते घड्याळ आहे."

"गाणंच आहे," गप्प्या म्हणाला आणि त्यानं हात वर केला. मावशीनंही केला, कारण तिला गप्प्या आवडायचा. दोन झाले. गप्प्यानं रंग्याकडे बघितलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या गाण्यात मध्येच शिट्टीचा एक लांबलचक तुकडा आहे. मूळ कॅसेटच्या कागदावर गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्यांचं, सगळ्यांचं नाव आहे, शिट्टी वाजवणाऱ्याचं नाही. ती शिट्टी गप्प्याच्या बाबांची. हे गप्प्यानं फक्त रंग्याला सांगितलं होतं, आणि कोणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं. लोक म्हणतील फुशारकी मारतो, म्हणून.

हे सगळं ठाऊक असून रंग्या शाईच्या डब्याकडे बघत बसला. हात मांडीवरच राहिला.

"रंग्या?" उस्ताद म्हणाले.

"नाही पटत मला," रंग्या म्हणाला. "खरं ते सांगावं माणसानं. दोस्ती वेगळी, गाणं वेगळं."

बोलताना त्याला स्वतःचा अभिमानही वाटला. मग पायऱ्यांच्या गाण्याला त्याचा, ताईचा आणि उस्तादांचा, असे तीन हात पडले आणि यादी पुरी झाली. ताईनं फिल्म काढायला घेतली.

गप्प्या नाराज झाला की ओळखायला वेळ लागतो, कारण एरवीही तो बोलत नाहीच. पण त्या संध्याकाळी रोजच्यासारखा तो दारात थांबला नाही. रंग्या हात धुऊन बाहेर आला तर रस्ता रिकामा.

गुरुवारी सकाळी रंग्यानं मागच्या खोलीत फळीची स्क्रीन लावली, कॅसेटचं बटण दाबलं, आणि टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली. सगळी फीत बाहेर, शेवयांसारखी. उस्तादांनी पेन्सिल घालून गुंडाळायचा खटाटोप केला, पण ती दोन ठिकाणी तुटली होती.

"मोबाइलवर असेल की," ताई म्हणाली. होतंच. रंग्यानं लावलं. गाणं सुरू, दिवा सुरू. गाणं संपलं, दिवा बंद. स्क्रीन उचलून हौदाशी नेली, पाणी सोडलं, आणि अक्षरंच काय, सगळं हिरवं इमल्शन शेवाळासारखं घरंगळून हौदात गेलं. जाळी कोरी.

दुसरी केली. तीही गेली. तिसऱ्या वेळी उस्तादांनी स्वतः इमल्शन फासलं. तेही गेलं. उस्तादांनी माल देणाऱ्याला फोन लावून जे काही ऐकवलं त्यानं त्या बिचाऱ्याचे कान किटले असतील. त्यानं बिचाऱ्यानं दुसरा डबा पाठवला. त्याचीही स्क्रीन धुऊन गेली. दुपार झाली, शनिवार दोन दिवसांवर आणि हातात एक धड अक्षर नाही.

तेव्हा पुढच्या खोलीतून मावशी कण्हली. "आज माझी पाठ का भरून आली गं?"

"वय झालं," ताई म्हणाली.

"तुझं होऊ दे. सकाळपासून मी उठलेच नाही जागची. रोज उठते ना मी."

"रोज कधी उठतेस?"

मावशी विचारात पडली. "ती शिट्टी लागली की. शिट्टी लागली की मी उभी राहते, पाठ ताणते, पाणी पिते. आज शिट्टी लागलीच नाही."

रंग्या मागच्या खोलीच्या दारात उभा होता. त्याच्या हातातून पाणी ठिबकत होतं. त्यानं मोबाइल काढून बघितला आणि मोठ्यानं वाचलं. चार मिनिटं पाच सेकंद. कोणी तरी गाणं नव्यानं काढताना शिट्टीचा तुकडाच छाटून टाकला होता, सव्वा मिनिटाचा. आणि सकाळपासून चार वेळा ते गाणं त्यानं लावलं, पण मधला एवढा मोठा तुकडा गायब आहे हे त्याला कळलं नव्हतं.

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. काल हाच माणूस म्हणाला होता, मला नाही पटत. जे कधी ऐकलंच नाही ते पटणार तरी कसं?

"भिंतीवरचं घड्याळ लावून करू," ताई म्हणाली.

"घड्याळ लावा," रंग्या म्हणाला. "बाकीची कामं उरका. पण फळीची स्क्रीन आज करू नका. मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

"कशाला?" उस्तादांनी विचारलं.

"उद्या सांगतो."

संध्याकाळी तो गप्प्याच्या घरी गेला. गप्प्यानं दार उघडलं, बघितलं आणि दार उघडंच ठेवून आत निघून गेला. बाबा खिडकीशी बसून कोणाच्या तरी टेबलफॅनची जाळी काढत होते. आयुष्यभर त्यांनी पंखेच दुरुस्त केले होते.

"काका, तुमच्याकडे त्या गाण्याची कॅसेट आहे का? आमची तुटली. आणि मोबाइलवर आहे त्यातून तुमची शिट्टी कापलीय."

"कापली?" बाबांनी पाना खाली ठेवला. "बरं केलं. शेवटी जरा खाली उतरली होती ती. माझ्या कायम मनात होतं."

"तुम्ही रेकॉर्डिंगला गायला गेला होतात?"

"छे रे. स्टुडिओतला पंखा आवाज करत होता म्हणून बोलावलं होतं. मी शिडीवर, खाली सगळे बासरीवाल्याची वाट बघत बसलेले. तो काही येईना. मी आपला सवयीनं शिट्टी वाजवतोय. त्यातला मोठा माणूस म्हणाला, उतर खाली. म्हटलं पंखा राहिलाय. तर म्हणे, राहू दे."

"मग?"

"मग काय. वाजवली. परत वर चढलो, पंखा केला, घरी आलो." बाबांनी ट्रंकेतून कॅसेट काढली, सदऱ्याला पुसली. "खरं विचारशील तर गाणं यथातथाच आहे. शब्द पाणचट. हा इथे कालपासून फुगून बसलाय, काय ते फळीवर घालायचं म्हणून. मी म्हटलं, भिंतीवर लावायला मी काय गेलोय? आणि तू रे, याचं तोंड बघून हात वर करू नकोस. कीव म्हणून मिळालेली जागा मला नको."

"नाही करणार," रंग्या म्हणाला. "एकदा इथेच ऐकू का?"

बाबांनी लावली. रंग्या खाली बसला. हात रिकामे ठेवून ते गाणं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. पहिलं कडवं खरंच पाणचट होतं. दुसरं त्याहून. मग सगळी वाद्यं थांबली आणि शिट्टी आली, पण लगेच नाही. किंचित उशिरा, बोलू की नको असं ठरवत असलेल्या माणसासारखी. आणि एकदा आली ती मग थांबेना. कोणाला खूश करायला नाही, नटूनथटून नाही. काम करणाऱ्या माणसाची शिट्टी, अर्धं लक्ष पंख्यात असलेल्या माणसाची. शेवटी ती थोडी खाली उतरली, बाबा म्हणाले तशी. रंग्याला तीच जागा सगळ्यात जास्त आवडली. त्यानं पुन्हा लावायला सांगितली. चार वेळा ऐकली. गप्प्या आतल्या खोलीत होता, एकदाही बाहेर आला नाही.

शुक्रवारी सकाळी, कोणी चहाचा कप खाली ठेवायच्या आत, रंग्या म्हणाला, "मला यादी बदलायचीय. पायऱ्यांचं गाणं बाहेर. घड्याळाचं आत."

"फिल्म निघालीय," ताई म्हणाली.

"दुसरी काढू."

"परवा तूच म्हणालास, दोस्ती वेगळी, गाणं वेगळं," उस्ताद म्हणाले. "आज काय चावलं तुला?"

"परवा मी खोटं बोललो. ते गाणं मी ऐकलेलं नव्हतं. कोणीच ऐकलेलं नाही आपण. आणि माझं गाणं वाचवायचं होतं म्हणून हात खाली ठेवला, आणि वर खरेपणाचा आव आणला."

गप्प्यानं मान वर केली नाही. टेबल पुसत राहिला.

ताईला घोळ आवडत नाही. "बरं, मान्य. पण म्हणून ते श्रेष्ठ कसं? शब्द बघितलेस त्याचे?"

"शब्द टुकार आहेत."

"मग?"

"बावीस वर्षं, दिवसाला दहाबारा वेळा. तुला एकदा तरी वाटलं का, बंद करा रे हे? मावशीला? कोणालाच नाही. आता बाकीच्या नवातलं कोणतंही गाणं घे आणि दिवसभर लाव. माझंच घे. पायऱ्यांचं. आज सगळ्या स्क्रीन त्याच्यावर करू. संध्याकाळपर्यंत कोणाला कंटाळा आला नाही तर मी गुमान सही करतो."

"ते चार मिनिटांचं आहे," उस्ताद म्हणाले.

"वरची ऐंशी तुम्ही मोजा."

उस्तादांना असल्या गोष्टी मनापासून आवडतात. त्यांनी बाह्या सरसावल्या. पहिली स्क्रीन. पायऱ्यांचं गाणं, मग उस्ताद मोठ्यानं एक, दोन, तीन, ऐंशीपर्यंत. दुसऱ्या स्क्रीनला मावशी गाण्यासोबत गात होती. तिसऱ्याला गायची थांबली. चौथ्याला ताईनं कानात कापूस घातला. पाचव्याला उस्तादांचे आकडे चुकले, साठावरून ते एकदम सत्तरावर गेले आणि मावशी म्हणाली, "उस्ताद, तुम्हीही कंटाळलात."

सहाव्या स्क्रीनला रंग्या अंधारात उभा होता. तेच कडवं आलं, एकेक ओळ महिनाभर पकडलेलं. त्याला ते तोंडपाठ होतं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपले दात आवळले गेलेत. प्रत्येक ओळ आपल्याकडे बघत होती, आवडले का, आवडले का, असं विचारत. त्यानं स्वतःच्या हातानं ते बंद केलं. वाईट वाटलं त्याला. पण गाण्यानं त्याला लिहायला शिकवलं, हे त्याच्यावरचं ऋण होतं. ऋण म्हणजे श्रेष्ठपणा नव्हे.

मग नवी स्क्रीन लावून त्यानं बाबांकडून आणलेली कॅसेट घातली.

दोन कडवी गेली. वाद्यं थांबली. मग शिट्टी आली, किंचित उशिरा. मावशी उभी राहिली, पाठ ताणली. हातात पाण्याचा ग्लास घेतला आणि प्यायचं विसरली. ताईनं कानातला कापूस काढला. उस्ताद दारात येऊन टेकले, डोळे मिटून, आणि शेवटी ती शिट्टी खाली उतरली तेव्हा त्यांची मानही तेवढीच खाली झुकली.

गाणं संपलं. दिवा बंद झाला.

"बावीस वर्षं," उस्ताद म्हणाले. "लांबी बरोबर होती म्हणून निवडलं होतं मी हे. फक्त लांबी बघून." त्यांनी हात वर केला. ताईनं केला. मावशीचा तर परवापासून वरच होता. रंग्यानं केला.

"शिट्टी कोणाची असेल रे?" मावशीनं विचारलं.

रंग्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं. गप्प्या जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी पुसत होता. "असेल कोणाची तरी," तो म्हणाला, आणि सगळ्यांत शेवटी, हळूच, त्यानंही हात वर केला.

दुपारी नवी फिल्म निघाली. उस्तादांनी यादीतल्या पायऱ्यांच्या नावावर काट मारायला पेन रंग्याच्याच हातात दिलं. त्यानं मारली, एकच, सरळ. संध्याकाळी दहा ओळी आणि पाच सह्या लाकडावर उतरल्या. छापणारा गप्प्या होता. शाईची पट्टी त्यानं एकाच दमात खाली ओढली, एकही अक्षर तुटलं नाही.

फळी वाळायला ठेवून रंग्या हात धुऊन बाहेर आला. गप्प्या दारात थांबलेला होता. दोघं चालायला लागले. कोपऱ्यावर गप्प्या म्हणाला, "बाबांसाठी केलंस?"

"तुझ्या बाबांना ते गाणं आवडतही नाही."

"मग माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी करायचं असतं तर बुधवारीच केलं असतं. तेव्हा नाही केलं. त्याबद्दल तू मला शिव्या दे, मी ऐकून घेईन."

गप्प्यानं शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, "आणि उद्या तुला त्याचाही कंटाळा आला तर? तेव्हा भिडेनं गप्प बसशील. मला ते नकोय."

रंग्या थांबला. त्यानं गप्प्याचा खांदा धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"ऐक. ज्या दिवशी मला ते गाणं नकोसं होईल, त्या दिवशी आधी तुला येऊन सांगेन, तुझ्या तोंडावर, बाबा समोर बसलेले असले तरी. मग कॅफेत जाऊन त्या फळीवरची माझी सही माझ्या हातानं खरवडून काढेन. आणि ज्या दिवसांत मी काही बोलत नसेन, त्या सगळ्या दिवसांत समज की ते मला अजून तेवढंच आवडतंय. वचन देतो तुला."